उंदरांनी कुरतडलेले गाडीचे वायरिंग : तपासणी, दुरुस्ती आणि बंदोबस्त

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे की, तीन आठवडे जागेवर उभी असलेली पेट्रोल गाडी सुरू केल्यावर इंजिन थरथरू लागले, चेक इंजिनचा दिवा लागला आणि बॉनेट उघडल्यावर इंजेक्टरकडे (इंजिनमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या दोन-तीन वायरी कुरतडलेल्या दिसल्या. एका गॅरेजने संपूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला संच, बदलावा लागेल असे सांगितले, तर दुसऱ्याने वायरी पिळून आणि टेप गुंडाळून अर्ध्या तासात गाडी देण्याची तयारी दाखवली. वाहनांच्या विद्युत दुरुस्तीचे काम दीर्घकाळ करत आल्यामुळे मी एवढे ठामपणे सांगू शकतो की, पूर्ण तपासणी होण्यापूर्वी या दोन्हींपैकी कोणताही सल्ला मान्य करू नये. कुरतडलेली वायर बहुतेक वेळा उत्तम रीतीने जोडता येते आणि नीट जोडलेली वायर पुढे अनेक वर्षे त्रास देत नाही. परंतु डोळ्यांना दिसते तेवढेच नुकसान झालेले असते असे क्वचितच घडते, आणि उंदीर ज्या कारणाने तिथे आला ते कारण तसेच राहिले, तर नवा कोरा हार्नेसही थोड्याच दिवसांत त्याच अवस्थेला पोहोचतो.

सर्वांत आधी, गाडी पुन्हा सुरू करून पाहू नका. इंजिन थरथरत असताना एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नसेल, तर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे जळते, आणि तो महागडा भाग अतितापून कायमचा निकामी होतो. उघडी पडलेली तांब्याची तार इंजिनच्या धातूला टेकली तर फ्यूज जातो, आणि ज्या वायरीला फ्यूजचे संरक्षण नाही तिच्यामुळे कंट्रोल युनिटचे (गाडीतल्या संगणकाचे) नुकसान होऊ शकते. याहून गंभीर बाब इंधनाची आहे. उंदीर केवळ वायरी कुरतडत नाहीत; नायलॉनच्या इंधन नळ्या, पेट्रोलची वाफ वाहून नेणाऱ्या रबरी नळ्या आणि काचेवर पाणी मारणाऱ्या नळ्याही ते सोडत नाहीत. बॉनेट उघडल्यावर किंवा मागच्या सीटजवळ पेट्रोलचा थोडाही वास आला, तर चावी फिरवून इग्निशनही चालू करू नका, कारण इग्निशन चालू होताच पेट्रोलचा पंप एक-दोन सेकंद चालतो आणि फुटलेल्या नळीतून दाबाखाली इंधन बाहेर फेकले जाते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ (इंजिनमधला गरम धूर बाहेर नेणाऱ्या भागाजवळ) गवत, कागद, कापूस किंवा बॉनेटच्या अस्तराचा चोथा साठवून केलेले घरटे असेल, तर इंजिन तापल्यावर ते पेट घेऊ शकते.

इंधनाचा वास नसेल, तर इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करून स्कॅनरने सर्व कंट्रोल युनिटमधील कोड (गाडीने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) वाचून लिहून ठेवावेत, आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. हा क्रम उलटा केला तर काही गाड्यांत कोड पुसले जातात आणि शोधाचा सर्वांत उपयोगी धागा हातातून जातो. विमा असेल तर काहीही हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. घरटे, लेंड्या आणि दातांच्या खुणा साफ झाल्यावर नुकसान उंदरांनीच केले हे दाखवणे अवघड होते.

साफसफाईबद्दल मी थोडा अधिक आग्रही आहे, कारण गॅरेजमध्ये याच टप्प्यावर सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि काही जातींच्या मूत्रातून व विष्ठेतून हंताव्हायरसचा संसर्ग होतो. वाळलेल्या लेंड्यांची धूळ श्वासातून आत जाणे हा त्याचा मुख्य मार्ग आहे. म्हणून घरट्यावर कधीही हवेचा फवारा मारू नये, कोरडा झाडू फिरवू नये आणि साधा व्हॅक्युम क्लीनरही वापरू नये. हातमोजे आणि चांगला मास्क घालावा, घरटे व लेंड्या जंतुनाशकाने पूर्ण भिजवून किमान पाच मिनिटे तशाच ठेवाव्यात आणि मग ओल्या कागदाने उचलून पिशवीत बंद कराव्यात. घरात वापरायचे ब्लीच जंतू मारते, पण ते ॲल्युमिनियम आणि कनेक्टरच्या पिना खाते. त्यामुळे इंजिनच्या भागात धातूला न खाणारे जंतुनाशक निवडावे. केबिन फिल्टर आणि एअर फिल्टर काढून पाहावेत, कारण या दोन्ही जागा घरट्यासाठी त्यांच्या विशेष आवडीच्या असतात. केबिन फिल्टरवर लेंड्या किंवा मूत्राचे डाग असतील, तर तो झटकून परत न बसवता टाकून द्यावा.

आता नुकसानाची व्याप्ती. वरून दिसणाऱ्या वायरींपाशी थांबू नका. इंटेक मॅनिफोल्डखालची (इंजिनला हवा देणाऱ्या भागाखालची) खोबण, गिअरबॉक्सची वरची बाजू, बॅटरीच्या ट्रेखालची जागा, काचेखालची वायपरची पन्हळ, पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू, आणि केबिनमध्ये ग्लोव्ह बॉक्समागील ब्लोअर या जागा टॉर्च आणि छोट्या आरशाने पाहिल्याच पाहिजेत. इंजिनखालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढणे कंटाळवाणे असते, तरी तो काढावा, कारण कुरतडलेल्या इन्सुलेशनचा चुरा त्यात पडलेला असतो आणि त्या चुऱ्याचे रंगच कोणत्या वायरी गेल्या हे सांगतात. वर निळी आणि तपकिरी वायर तुटलेली दिसते आणि ट्रेमध्ये हिरव्या-पिवळ्या रंगाचे कण सापडतात, याचा अर्थ आणखी एक वायर कुठेतरी उघडी पडली आहे आणि ती अजून सापडलेली नाही. लेंड्यांचा आकारही पाहावा. घरातल्या छोट्या उंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिमी लांब असतात, तर मोठ्या उंदराच्या साधारण १२ ते १८ मिमी. पुढे बंदोबस्त करताना हा फरक उपयोगी पडतो.

स्कॅनरच्या कोडचा अर्थ लावतानाही उंदीर डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. पी०२०१ ते पी०२०४ हे इंजेक्टरच्या सर्किटचे कोड आहेत. ते असतील तर इंजेक्टर बदलण्याआधी त्याची वायर तपासावी. हवेच्या किंवा कूलंटच्या तापमानाचा सेन्सर उणे ४० अंश सेल्सियस दाखवत असेल, तर बाहेर थंडी आहे म्हणून तसे होत नसते: या सेन्सरचा रोध तापमान घटले की वाढतो, आणि वायर तुटल्यावर कंट्रोल युनिटला तो अनंत भासतो, म्हणून ते सर्वांत कमी आकडा दाखवते. ‘यू’ने सुरू होणारे कोड, उदाहरणार्थ यू०१००, म्हणजे कंट्रोल युनिटमधला संवाद तुटला आहे, तिथे कॅन बसच्या, म्हणजे कंट्रोल युनिटना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींच्या, जोडीकडे लक्ष द्यावे. बॅटरी काढलेली असताना कॅनच्या दोन वायरींमधला रोध साधारण ६० ओहम यायला हवा, कारण बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडलेले असतात. मीटर १२० दाखवत असेल तर एक रोधक वेगळा पडला आहे, म्हणजेच वाटेत वायर तुटली आहे. शून्याच्या जवळ आकडा आला तर दोन्ही वायरी कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत. एकाच वेळी परस्परांशी संबंध नसलेले अनेक कोड आले, तर घाबरून कंट्रोल युनिट बदलायला निघू नका. त्या सर्व सेन्सरच्या वायरी हार्नेसच्या कोणत्या भागातून एकत्र जातात हे सर्किट आकृतीवर पाहा. बहुतेक वेळा नुकसान नेमके तिथेच सापडते.

पूर्ण तुटलेल्या वायरीपेक्षा अर्धवट कुरतडलेली वायर अधिक त्रासदायक असते, आणि या बाबतीत वाहनमालकांनी मेकॅनिकला आवर्जून प्रश्न विचारावेत असे मला वाटते. तुटलेली वायर लगेच दोष दाखवते. परंतु इन्सुलेशनवर दातांची फक्त जोडखूण उमटली आहे आणि आत तांबे किंचित दिसत आहे, अशी वायर आज व्यवस्थित चालते; पुढे पाणी आणि ओलावा त्या छिद्रातून शिरतो, तांब्यावर हिरवा थर चढतो, तो इन्सुलेशनखाली पुढे सरकत जातो, आणि कित्येक महिन्यांनी, उंदीर सर्वजण विसरून गेल्यावर, गाडी पावसात अधूनमधून बंद पडू लागते. म्हणून नुकसान झालेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हार्नेसची पन्हळी नळी आणि टेप उघडून निरोगी वायर दिसेपर्यंत जावे. प्रत्येक वायर बोटांत फिरवून पाहावी, कारण खूण बऱ्याचदा मागच्या बाजूला असते.

मल्टिमीटरवर कंटिन्युइटीची (वायर सलग असल्याची) बीप आली म्हणजे वायर ठीक आहे, हा एक फार रूढ गैरसमज आहे. समजा १६ धाग्यांच्या वायरीतला एकच धागा शाबूत आहे; मीटर अत्यंत थोडा प्रवाह वापरतो, म्हणून त्याला रोध जवळजवळ शून्यच दिसतो, पण खरा भार पडताच तो धागा तापतो आणि व्होल्टेज वाटेतच खाल्ले जाते. खरी परीक्षा भाराखालीच होते. वायरीच्या दोन्ही टोकांचे कनेक्टर काढावेत, म्हणजे कंट्रोल युनिट पूर्ण वेगळे होईल, आणि त्या वायरीतून बॅटरीचा पुरवठा देऊन दुसऱ्या टोकाला २१ वॅटचा बल्ब लावावा. बल्ब पूर्ण तेजाने पेटला, हार्नेस हलवल्यावरही मिणमिणला नाही, आणि वायरीच्या दोन टोकांमध्ये व्होल्टचा दहावा भागही पडत नसेल, तर ती वायर विश्वासार्ह मानावी. हे करताना मीटरची जाड सुई कनेक्टरच्या मादी पिनेत खुपसू नये; पिन पसरते आणि नवा लूज कनेक्शनचा दोष तयार होतो. त्या मापाची नर पिन वायरीला जोडून तीच आत घालावी.

काही वायरी मात्र जोडण्याच्या नसतातच. हायब्रिड आणि विद्युत वाहनांतल्या नारिंगी रंगाच्या उच्चदाब केबलला दातांची खूण दिसली, तर तिला हात न लावता प्रशिक्षित माणसाकडेच गाडी न्यावी, आणि ती केबल जोडण्याऐवजी पूर्णपणे बदलावी. एअरबॅगच्या वायरींचे कनेक्टर किंवा आवरण सहसा पिवळे असते. त्यांच्या दुरुस्तीवर बहुतेक कंपन्या बंधने घालतात, म्हणून त्या गाडीची सेवा पुस्तिका जे सांगते तेच करावे, बॅटरी काढल्यावर पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे, आणि एअरबॅगच्या प्रज्वलकावर (ती फुगवणारा स्फोट घडवणाऱ्या भागावर) ओहममीटर कधीही लावू नये. जाळीदार कवच असलेल्या सेन्सर केबलचे कवच दोन्ही बाजूंना पूर्ववत जोडता येत नसेल, तर ती केबलही बदललेलीच बरी. ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट अनेक चांगल्या कारागिरांनाही ठाऊक नसते: बऱ्याच झिर्कोनिया प्रकारच्या ऑक्सिजन सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या धाग्यांमधल्या सूक्ष्म पोकळीतूनच मिळते. तिथे सोल्डर केले तर ती वाट बंद होते आणि सेन्सर चुकीचे आकडे देऊ लागतो; म्हणून तिथे केवळ क्रिम्प (वायरींवर धातूची नळी दाबून केलेला जोड) वापरावा, किंवा सरळ सेन्सर बदलावा.

बाकीच्या वायरींसाठी प्रश्न उरतो तो जोडावे की हार्नेस बदलावा हा. माझा निकष वायरींच्या संख्येपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असतो. मोकळ्या भागात आठ-दहा वायरी तुटल्या असतील तरी त्या निर्धास्तपणे जोडता येतात. पण कनेक्टरला अगदी चिकटून दोनच वायरी कापल्या गेल्या असतील, तर नव्या पिना किंवा शेपटीसह, म्हणजे आधीच जोडलेल्या वायरीच्या तुकड्यांसह, नवा कनेक्टर आणून तो हार्नेसला जोडणे योग्य. कनेक्टरपासून किंवा दुसऱ्या जोडापासून ४० मिमीच्या आत जोड घेऊ नये. शिवाय बहुतेक गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरींचा संच अनेक उप-हार्नेसमध्ये विभागलेला असतो, आणि इंजेक्टरचा किंवा कॉइलचा तेवढाच तुकडा वेगळा मिळतो. संपूर्ण हार्नेसची किंमत मान्य करण्याआधी हा पर्याय विचारावा. संपूर्ण हार्नेस बदलण्याची वेळ खरोखर येते ती वायरी अनेक ठिकाणी कुरतडल्या असतील, आतून गंजल्या असतील किंवा शॉर्ट होऊन एकमेकींत वितळल्या असतील तेव्हा.

जोड घेण्याची पद्धत नीट सांगतो. वायर त्याच जाडीची, म्हणजे ०.३५, ०.५, ०.७५ किंवा १ चौरस मिमी यांपैकी मूळ वायरीच्या मापाचीच घ्यावी, आणि ती वाहनासाठी बनवलेली, आयएसओ ६७२२ किंवा आयएसओ १९६४२ या मानकांतली असावी. घरातल्या वायरिंगची वायर इंजिनजवळ वापरू नये. तिचे इन्सुलेशन त्या उष्णतेसाठी, तेलासाठी आणि कंपनासाठी केलेले नसते, तर वाहनाच्या पातळ भिंतीच्या पीव्हीसी वायरी साधारण १०५ अंश सेल्सियसपर्यंत चालतात. शक्य असेल तर रंगही मूळचाच ठेवावा. पुढच्या कारागिरावर तो उपकार ठरतो. काळवंडलेले तांबे दिसत असेल तर चकचकीत तांबे येईपर्यंत वायर मागे कापावी आणि मधली तूट नव्या तुकड्याने भरावी. ताणून जोडलेली वायर इंजिनच्या हालचालीने पुन्हा तुटते. वायर सोलताना एकही धागा कापला जाऊ नये. जोडाच्या मापाची क्रिम्प नळी आणि तिच्यासाठीच बनवलेली पकड वापरावी, साधी पक्कड पुरेशी नाही. क्रिम्प झाल्यावर वायर हाताने ओढून पाहावी. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसणारी), जोडाच्या दोन्ही बाजूंना पुरेशी पुढे जाईल अशी चढवावी आणि कडेतून गोंदाची बारीक रेघ बाहेर येईपर्यंत तापवावी. ही रेघ दिसली नाही तर जोड पाणीबंद झाला असे मानू नये.

सोल्डरबद्दल मतभेद आहेत आणि चांगला सोल्डर करणाऱ्या माणसाचा मी आदर करतो. तरीही कंपन होणाऱ्या इंजिनवर मी क्रिम्पच पसंत करतो, कारण वितळलेले कथील धाग्यांत शोषले जाऊन इन्सुलेशनखाली पुढे सरकते, आणि जिथे ते संपते तिथे लवचीक वायर एकदम ताठ होते. पुढे ती नेमकी त्याच रेषेवर तुटते. सोल्डर करायचाच असेल तर राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट चिकटण्यासाठी लावायचा पदार्थ) वापरावा, आम्लाचा मुळीच नको, आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर हलणार नाही असा आधार द्यावा. वायरी पिळून त्यावर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. उष्णतेने टेपचा गोंद वाहून जातो आणि आतल्या पिळलेल्या वायरी ओलाव्याला मोकळ्या होतात.

अनेक वायरी जोडायच्या असतील तर सर्व जोड एकाच रेषेत न घेता पुढे-मागे घ्यावेत, म्हणजे हार्नेस एका जागी फुगत नाही आणि एखाद्या जोडाचे आवरण फाटले तरी शेजारचा जोड त्याला टेकत नाही. कॅनच्या जोडीत दोन्ही वायरींची लांबी समान ठेवावी, मूळ पीळ परत द्यावा आणि पीळ नसलेला भाग शक्य तितका कमी, ५० मिमीच्या आत ठेवावा. या पिळामुळेच बाहेरचा विद्युत गोंधळ दोन्ही वायरींवर सारखा पडून रद्द होतो. शेवटी कापडी हार्नेस टेप आणि नवी पन्हळी नळी लावून हार्नेस मूळच्या क्लिपांमध्येच बसवावा. एक्झॉस्टजवळून किंवा पट्ट्याजवळून जाणारी वायर क्लिपशिवाय सोडली तर कुरतडण्याऐवजी घासून ती पुन्हा उघडी पडते. फ्यूज गेलेला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालावा. तो पुन्हा जात असेल तर मोठा फ्यूज घालण्याचा विचारही करू नये, कारण त्याचा अर्थ अजून एक वायर धातूला टेकते आहे एवढाच आहे, आणि मोठ्या फ्यूजमुळे फ्यूजऐवजी ती वायर जळते. काम झाल्यावर कोड पुसावेत, गाडी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवावी, आणि थांबल्यावर प्रलंबित कोड (अजून दिवा न लावलेल्या दोषांचे) पुन्हा वाचावेत.

आता उंदीर मुळात तिथे का येतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि त्यांच्या केवळ पुढच्या पृष्ठावर कठीण इनॅमल असल्याने मागची बाजू आधी झिजून धार कायम राहते. समोर येणारी वस्तू कुरतडून पाहणे हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. इंजिनचा भाग त्याला अंधार, ऊब, शत्रूपासून आडोसा आणि घरट्यासाठी मऊ अस्तर देतो. सोयाबीनपासून बनवलेल्या पदार्थांचा अंश इन्सुलेशनमध्ये असल्याने उंदीर वायरी खातात, असे आग्रहाने सांगितले जाते आणि अमेरिकेत काही वाहनमालकांनी त्यावरून दावेही केले होते. परंतु साध्या पीव्हीसीच्या वायरी, पाण्याच्या नळ्या आणि प्लॅस्टिकची झाकणेही उंदीर तितक्याच निष्ठेने कुरतडतात, त्यामुळे गाडी बदलून हा प्रश्न सुटेल असे मी कोणालाही सांगत नाही.

म्हणून बंदोबस्ताची सुरुवात गाडीपासून न करता गाडी उभी असते त्या जागेपासून करावी. जवळपास धान्य, पाळीव प्राण्यांचे खाद्य, पक्ष्यांसाठी टाकलेले दाणे, उघडा कचरा यांपैकी काही असेल तर ते आधी हटवावे किंवा घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. भिंतीलगतचे सामानाचे ढीग आणि झुडपे दूर करावीत, कारण उंदीर मिशांनी भिंत चाचपत कडेकडेने चालतो आणि मोकळी जागा ओलांडणे टाळतो. बंदिस्त पार्किंग असेल तर भिंतीतली व दाराखालची छिद्रे बुजवावीत. छोट्या उंदराला ६ मिमीचे आणि मोठ्याला साधारण १२ मिमीचे भोक पुरते. आणि गाडी वापरात ठेवावी. आठवड्यातून दोनदा खरोखर फिरवलेल्या गाडीत घरटे होणे अवघड असते, कारण घरट्याला शांतता लागते.

उंदराचे चाप (स्प्रिंगचे सापळे) भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावेत. मोठा उंदीर नवीन वस्तूला घाबरतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस चाप न ताणता नुसते आमिष ठेवून त्याला सवय होऊ द्यावी. छोटा उंदीर उलट उत्सुक असतो आणि सहसा पहिल्याच रात्री येतो. इथेच लेंड्यांच्या मापाचा उपयोग होतो. विषारी गोळ्यांना माझा विरोध आहे: रक्त गोठू न देणारी विषे परिणाम करायला काही दिवस घेतात, उंदीर तोवर हिंडत राहतो आणि अनेकदा ब्लोअरच्या नळीत किंवा डॅशबोर्डमागे जाऊन मरतो, आणि तो खाणारे मांजर किंवा घुबडही त्या विषाने मरू शकते. बॉनेटखाली तर विष ठेवूच नये.

गाडीवर करायच्या उपायांत मला सर्वांत विश्वासाचे वाटतात ते अडथळे. हार्नेसचे उघडे भाग जाड विणीच्या आवरणाने झाकावेत, आणि हवेच्या सेवनमार्गावर, केबिनच्या हवेच्या झरोक्यावर ६ मिमीपेक्षा बारीक छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी बसवावी. मात्र जाळीची कापलेली धार वायरीला टेकू नये, रेडिएटरची हवा अडू नये आणि जाळी फिरत्या पट्ट्यापासून दूर असावी. स्टीलचे लोकर इंजिनमध्ये कुठेही कोंबू नये. ते गंजते, वायरींना शॉर्ट करते आणि पेटही घेते. तिखटातले कॅप्सेसिन असलेली टेप काही वाहन कंपन्यांच्या सुट्या भागांत मिळते. ती गुंडाळल्यावर उंदीर चव घेऊन थांबतो, म्हणून दुरुस्त केलेल्या भागावर ती लावणे योग्यच आहे, फक्त लावताना हातमोजे घालावेत आणि डोळे चोळू नयेत. रात्री बॉनेट उघडे ठेवून आत दिवा लावणे हा साधा उपाय जिथे शक्य आहे तिथे बऱ्यापैकी चालतो, कारण त्याने अंधार आणि आडोसा दोन्ही जातात.

वासाच्या उपायांबद्दल मात्र अपेक्षा कमी ठेवावी. पुदिन्याचे तेल, तंबाखू, फिनेल यांनी काही दिवस उंदीर दूर राहतो. मग वास उडतो किंवा त्याला त्याची सवय होते. रॉकेल किंवा डिझेल शिंपडणे आगीला आमंत्रण आहे, आणि त्याने रबरही फुगते. डांबरगोळ्या बॉनेटखाली ठेवू नका: नॅफ्थलीनची वाफ काचेखालच्या झरोक्यातून केबिनमध्ये शिरते, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलीनला माणसासाठी संभाव्य कर्करोगकारक पदार्थांच्या गटात ठेवले आहे, आणि जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी त्या वाफेने फुटू शकतात. अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणाऱ्या) यंत्रांचा आवाज अडथळ्यांमागे पोहोचत नाही आणि उंदरांना त्याची सवय होते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना जाहिरातीतले दावे शास्त्रीय पुराव्यावर आधारलेले असावेत, असा इशारा दिला होता.

दुरुस्ती झाल्यावर पहिले चार-सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. चाकांच्या भोवती जमिनीवर टाल्कम पावडरचा पातळ थर पसरवला तर पायांचे ठसे आणि शेपटीची रेघ उमटते, आणि उंदीर कोणत्या चाकावरून वर चढतो हे कळते. चाप त्याच बाजूच्या भिंतीलगत ठेवावेत. बॅटरीच्या झाकणावर ताजी, मऊ आणि चकाकणारी लेंडी दिसली, तर वायरी शाबूत असल्या तरी वाट पाहू नये. त्याच दिवशी घरटे शोधून काढावे, भाग जंतुनाशकाने पुसून जुना वास घालवावा, कारण त्या वासाच्या मागावर दुसरा उंदीर येतो, आणि चापांची संख्या वाढवावी. सलग तीन आठवडे ठसा किंवा लेंडी दिसली नाही, तर पाहणी महिन्यातून एकदा केली तरी चालेल. गाडी पुन्हा दीर्घकाळ उभी करायची असेल, तर ती उभी करण्यापूर्वीच चाप लावून ठेवावेत आणि ते तपासण्यासाठी कोणाला तरी सांगून जावे.